पर्वतावरचा धूर, आकाशातला ठिपका

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



न्यायशास्त्राच्या अगदी प्रारंभीच्या पाठात एक डोंगर येतो. त्याला नाव नाही, गाव नाही. त्याच्यावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, हे स्वयंपाकघरात वारंवार पाहिलेले असते. म्हणून त्या डोंगरावरही अग्नी असला पाहिजे, असे अनुमान निघते. पाठशाळांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा दाखला घोकला. परंतु त्याच शास्त्राने पुढे एक सावधगिरीची सूचनाही देऊन ठेवली आहे. दूरवर उठलेला धुळीचा लोट किंवा दरीतून वर येणारी वाफ पाहून कोणी तिलाच धूर समजला, तर त्याचे अनुमान रचनेने निर्दोष असूनही फसते. कारण ज्या खुणेवर ते उभे केले, ती खूणच मुळात तेथे नसते.

जसोंडीच्या माणसाला हे उदाहरण पोथीतले वाटण्याचे कारण नाही. चैत्र-वैशाखात बुऱ्हाणपूरच्या परिसरातून उत्तरेकडे पाहावे, तर सातपुड्याची रांग कधी रेखीव दिसते, कधी फिकट निळी होते, आणि कधी दिवसचे दिवस दिसतच नाही. असीरगडासारखा बलदंड गड, पण तोही पाटीवरून पुसून टाकावा तसा नाहीसा होतो. डोळ्यांपुढे आलेला तो पडदा धुराचा की धुळीचा? धुराचा असेल तर जवळच्या जंगलातला, की पलीकडच्या जिल्ह्यात कापणीनंतर पेटवलेल्या गव्हाच्या नरवाईचा? आणि धुळीचा असेल तर पांदीतल्या बैलगाड्यांचा, की शेकडो कोसांवरच्या वाळवंटाचा? गेल्या काही दशकांत या प्रश्नांची उत्तरे आकाशातून शोधण्याची विद्या बरीच पुढे गेली आहे. तिचा परिचय करून द्यावा आणि तिच्या मर्यादाही दाखवाव्यात, हा या व्याख्यानाचा हेतू.

आरंभी थोडे शब्दांविषयी, कारण ग्रंथालयात ते टाळणे अवघड. धूम आणि धूली हे दोन्ही संस्कृत शब्द जुने व्युत्पत्तिकार धू, म्हणजे हलवणे, कंपित करणे, या एकाच धातूकडे नेतात. मराठीत आल्यावर या घराण्याचा विस्तार झाला: धूर, धूळ, धुरळा, धुरकट, धुळकट. होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या धुळवडीत तर राख आणि धूळ एकाच अंगावर येऊन बसतात. आपल्या जिल्ह्यातील धूलकोट हे गावही धुळीचे नाव वागवीत उभे आहे. भाषेने जे इतके जवळजवळ ठेवले, ते डोळ्यालाही वेगळे करता येत नाही, यात नवल नाही. नवल आहे ते उपग्रहाने त्यांना वेगळे कसे केले याचे.

जंगलाच्या आगी या भूमीला नव्या नाहीत. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष मेघाला वाट सांगताना आम्रकूट पर्वतावरचा वणवा विझवून जायला सांगतो आणि त्या उपकाराची फेड म्हणून पर्वत तुला माथ्यावर विसावा देईल, अशी ग्वाही देतो. आम्रकूट म्हणजे नर्मदेच्या उगमाचे अमरकंटक, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच काव्याच्या आरंभी मेघ म्हणजे तरी काय, तर धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा मेळ, अशीही चिकित्सा कवीने केली आहे. ढगात धुराचा अंश असतो हे विधान आजच्या वातावरणशास्त्रज्ञालाही मान डोलवायला लावील. हवेतील सूक्ष्म कणांवाचून ढगाचा थेंब सहसा धरत नाही आणि धुराचे कण त्या कामी येतात, हे आता सर्वमान्य आहे. काळाने बरेच अलीकडे यावे, तर कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील १८७१ सालचा इंग्रजी ग्रंथ आहे. फॉरसाइथ यांनी निमाडात जमाबंदीचे काम केले होते. झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत बी टाकण्याच्या डोंगरी शेतीचे वर्णन त्यांनी केले आहे. साहेबी नजरेचा दोष त्या वर्णनात आहेच. तरी प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा तपशील म्हणून ते आजही वाचण्याजोगे आहे.

आजच्या आगींची कारणे परिचित आहेत. माघ-फाल्गुनात सागाची आणि इतर पानझडी वृक्षांची पाने गळून जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. मग मोह फुलतो. पहाटे टपटपणारी फुले पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची जागा पेटवून स्वच्छ करतात. तेंदूची कोवळी पाने चांगली फुटावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते. निमाडात जंगल मोडून काढलेल्या नव्या शेताला नेवाड म्हणतात. त्यासाठीही आग लागते. कोणाच्या हातून विडीचे थोटूक पडते. वीज पडून किंवा फांद्या घासून लागणाऱ्या आगीच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. पण मध्य भारतात आग बहुधा माणसाच्याच हातची असते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठराविक पट्ट्यातले गवत आणि पाला आधीच जाळून टाकतात, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला तेथे खायला काही मिळू नये. आगीला आगीनेच अडवण्याची ही युक्ती फार जुनी आहे.

पूर्वी वणवा दिसायचा तो टेकडीवरच्या मचाणावरून. पाहणाऱ्याला धूर दिसे, दिशा कळे, अंतर अंदाजाने ठरे. आता हे काम आकाशातून चालते आणि ते दोन निरनिराळ्या रीतींनी चालते. एक रीत धूर पाहण्याची, दुसरी आग पाहण्याची. लोक या दोहोंची सरमिसळ करतात आणि पुढचा पुष्कळसा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

धूर पाहण्याच्या रीतीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेने निम्बस-७ हा उपग्रह सोडला. त्यावरील एक यंत्र वातावरणातील ओझोन मोजण्यासाठी होते. सूर्याचा अतिनील प्रकाश पृथ्वीवरून परावर्तित होऊन किती परत येतो, ते निरनिराळ्या तरंगलांबींवर मोजायचे आणि त्यावरून ओझोनचा हिशेब करायचा. हिशेब बसे, पण काही ठिकाणी थोडीशी बाकी उरे. पुढे १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या बाकीचाच नकाशा मांडून पाहिला. पाहतात तो सहारा वाळवंटातून अटलांटिकवर निघालेले धुळीचे लोट आणि आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतील आगींचा धूर त्या नकाशावर स्वच्छ उमटलेला. ज्याला चूक म्हणून बाजूला सारले जात होते, तीच बातमी होती. जुन्या हस्तलिखितांच्या समासातील डाग तपासणाऱ्या संशोधकाला या प्रसंगाचे मर्म सांगावे लागणार नाही.

पण या अतिनील मोजणीत एक अडचण राहिली. धूर आणि वाळवंटी धूळ दोन्ही अतिनील प्रकाश शोषतात. म्हणजे न्यायशास्त्रातला तोच पेच आकाशातही उभा राहिला. तो सोडवण्यासाठी शास्त्रज्ञांना एका साक्षीदारावर विसंबून भागेना. चार-पाच साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागल्या.

पहिली साक्ष रंगाची. सकाळच्या कोवळ्या उन्हात चुलीचा धूर कौलांतून निळसर दिसतो, हे घरोघरी पाहिलेले आहे. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुळीचे कण त्यांच्या मानाने भरड असतात आणि निळा प्रकाश शोषतात. म्हणून उपग्रहाच्या छायाचित्रात धूर करडा-निळसर आणि धूळ पिवळट-बदामी दिसते. ही खूण समुद्रावर चांगली पटते. उन्हाळ्यात करपलेल्या, स्वतःच बदामी झालेल्या जमिनीवर मात्र धुळीचा पदर दिसतही नाही. मातीवर माती ओळखायची कशी?

दुसरी साक्ष अदृश्य उष्णतेची, आणि सर्वांत सुंदर म्हणावी अशी हीच. जमीन दिवसरात्र उष्णतेची अवरक्त किरणे बाहेर टाकीत असते. त्यांतील ११ आणि १२ मायक्रॉन या दोन शेजारच्या पट्ट्यांत उपग्रह वेगवेगळी मोजणी करतो. ढगातील पाणी किंवा बर्फ १२ मायक्रॉनची किरणे अधिक अडवते. धुळीतील वाळूचा, सिलिकेटचा अंश ११ ची अधिक अडवतो. दोन्ही मोजण्यांची वजाबाकी केली की ढगाचे चिन्ह एका बाजूला आणि धुळीचे दुसऱ्या बाजूला जाते. या वजाबाकीला रंग देऊन जी चित्रे तयार करतात, त्यांत धूळ गुलाबी दिसते, रात्रीच्या अंधारातही. धूर या किरणांना जवळजवळ पारदर्शक असतो, त्यामुळे तो या चित्रात उमटत नाही. तेव्हा अतिनील चित्रात काहीतरी आहे आणि अवरक्त चित्रात काहीच नाही, तर संशय धुराकडे जातो.

तिसरी साक्ष वायूची. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. धुळीच्या वादळाबरोबर तो येत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सुटलेला सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह हा वायू रोज मोजतो. चौथी साक्ष कणांच्या आकाराची होती: २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो नावाचा उपग्रह खाली लेसरचा झोत सोडून परत येणारा प्रकाश तपासत असे. धुळीचे ओबडधोबड कण त्या प्रकाशाचा पीळ बदलतात, धुराचे गोलसर कण फारसा बदलत नाहीत. शिवाय तो थर जमिनीपासून किती उंचीवर आहे हेही त्यातून कळे. आणि शेवटची साक्ष वाऱ्याची. निरीक्षणांवरून वाऱ्याचे मागल्या दोन-चार दिवसांचे प्रवाह गणकयंत्रावर उलटे चालवून, ही हवा कोठून आली, त्याचा माग काढता येतो. गुरे चोरीला गेली की पागी जसा खुरांच्या उलट दिशेने जाई, तसाच हा प्रकार.

हे सारे एकत्र कसे कामाला येते, याचा महाराष्ट्राने अनुभवलेला दाखला जानेवारी २०२२ चा आहे. २२ जानेवारीला पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ कराचीवरून पुढे सरकले आणि सौराष्ट्राचा किनारा त्याने वेढला. २३ जानेवारी, रविवार. मुंबईकर सकाळी उठले तो आकाश पांढुरके, सूर्य निस्तेज, समोरच्या इमारती पुसट. थंडीचे दिवस, अनेकांना ते धुकेच वाटले. पण धुके मोटारींच्या टपांवर पांढरी पूड टाकून जात नाही. दिवसाचे तापमान नेहमीपेक्षा बरेच उतरले आणि हवेची प्रत ढासळली. हवामान खात्याने उपग्रहाच्या चित्रांवर धुळीचा तो पट्टा समुद्रावरून येताना पाहिला होता आणि उत्तर कोकणासाठी सूचनाही दिली होती. दहा वर्षांपूर्वी, मार्च २०१२ मध्येही, असाच धुळीचा मोठा पट्टा अरबी समुद्र ओलांडून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आला होता. अशा दिवशी मुंबईच्या हवेचा दोष मुंबईच्या मोटारींवर किंवा बांधकामांवर टाकला तर तो अन्याय ठरेल. आणि उलटपक्षी, इतर दिवशी वाळवंटाचे नाव पुढे करून स्वतःच्या मोटारी आणि बांधकामे लपवली, तर तीही लबाडीच. धूर की धूळ हा प्रश्न अखेर जबाबदारी कोणाची, या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

भारताचे स्वतःचे डोळेही आता आकाशात आहेत. इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये गेला आणि दूरदर्शनच्या बातम्यांत ढगांचे चित्र घरोघरी दिसू लागले. २०१३ सालचा इन्सॅट-३डी, २०१६ चा ३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ चा ३डीएस ही त्याच घराण्यातील पुढची नावे. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर राहून असे उपग्रह दर अर्ध्या तासाला देशाचे चित्र घेतात. इतक्या उंचीवरून बारकावा कमी दिसतो. पण ते सतत पाहतात. दुसऱ्या जातीचे उपग्रह सातशे-आठशे किलोमीटरवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात. त्यांना बारीक दिसते, परंतु एकेक उपग्रह आपल्या गावावरून दिवसातून एकदा आणि रात्री एकदा असा जेमतेम जातो. एक राखणदार सदा जागा पण अधू दृष्टीचा. दुसरा तीक्ष्ण नजरेचा, पण फेरीवर असणारा.

आता आग पाहण्याच्या रीतीकडे वळू. मागे ११ मायक्रॉनच्या पट्ट्याचा उल्लेख आला. आगीसाठी सुमारे ४ मायक्रॉनचा पट्टा निवडतात. २७ अंशांची साधी जमीन आणि ५२७ अंशांची ज्वाला यांची तुलना केली, तर ११ मायक्रॉनमध्ये ज्वाला विसेक पटींनी तेजस्वी ठरते. ४ मायक्रॉनमध्ये हेच प्रमाण हजारपटींच्याही पुढे जाते. म्हणून चित्राच्या एका चौकोनाचा अगदी लहानसा कोपरा जळत असला, तरी अख्खा चौकोन चमकून उठतो. धुराच्या पडद्यातूनही ती चमक दिसते. ढगांतून मात्र दिसत नाही. टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या अमेरिकी उपग्रहांवरील मोडिस यंत्राने ही रीत जगभर रूढ केली. ऑक्टोबर २०११ मध्ये सुटलेल्या सुओमी एनपीपी आणि त्याच्या मागून गेलेल्या उपग्रहांवरील विर्स हे यंत्र तेच काम अधिक बारकाईने करते.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून अशा माहितीवरून राज्यांना आगीच्या सूचना देण्यास सुरुवात केली. मध्य प्रदेशचा वनविभाग त्याच दशकाच्या मध्यापासून उपग्रहाने टिपलेली आग थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेशाने कळवू लागला. देशात असा प्रयत्न आरंभी करणाऱ्या राज्यांत आपले राज्य आहे, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट. उपग्रहाने टिपलेला ठिपका हैदराबादजवळच्या केंद्रात उतरतो, देहरादूनला जंगलाच्या नकाशावर बसवला जातो, कोणत्या वनपरिक्षेत्रात, कोणत्या बीटमध्ये तो पडतो हे ठरते आणि नेपानगरच्या किंवा खकनारच्या जंगलात उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात मोबाइल वाजतो. तरीही सूचना मिळणे आणि आग विझणे यांत अंतर उरतेच. मार्च २०२१ च्या अखेरीस आपल्याच राज्यातील बांधवगडच्या व्याघ्र प्रकल्पात आग भडकली, तेव्हा ठिपके दिसत होते. पण विझवायला माणसे, पाणी आणि झाडाच्या हिरव्या डहाळ्याच लागल्या. शिवाय सातपुड्यावरच्या वणव्याला राज्याची हद्द कळत नाही. बुऱ्हाणपूर आणि मेळघाट यांच्यामधील सीमा नकाशावर आहे, पाल्यात नाही.

आता त्या ठिपक्याचीच उलटतपासणी करू. मोडिसचा चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे शंभर हेक्टरांचा. विर्सचा ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टर; एकरांत सांगायचे तर पस्तीसेक एकर. नकाशावर जो ठिपका दिसतो, तो त्या चौकोनाचा मध्य असतो. आग त्या पस्तीस एकरांत कोठेही असू शकते, किंबहुना किंचित बाहेरही. जेथे दोन-तीन एकरांचे शेतकरी एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहतात, तेथे त्या एका ठिपक्याखाली दहा-पंधरा सातबारे सहज येतील. ठिपक्यावर नाव कोरलेले नसते. कारखान्याची भट्टीही ठिपका होऊन उमटू शकते.

ही बारीकसारीक तांत्रिक बाब आहे असे कोणास वाटेल, तर त्याने नरवाईचा प्रश्न पाहावा. हार्वेस्टरने गहू किंवा धान कापले की गुडघाभर धसकटे उभी राहतात. ती नांगरणे खर्चाचे, आणि नर्मदाकाठच्या जिल्ह्यांत गव्हापाठोपाठ उन्हाळी मूग घेण्याची घाई. काडीपेटी सर्वांत स्वस्त. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था उपग्रहांच्या साहाय्याने या आगींची मोजणी ठेवते. तिच्या नोंदींनुसार २०२४ च्या १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या अडीच महिन्यांत मध्य प्रदेशात १६ हजारांहून अधिक घटना आढळल्या; पंजाबात सुमारे ११ हजार. वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना वर्षानुवर्षे पंजाबचेच नाव पाठ झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने ठरवले, की १ मेपासून जो नरवाई जाळील त्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ मिळणार नाही आणि पुढील वर्षी त्याचे धान्य हमीभावाने घेतले जाणार नाही. नरवाई जाळणे वाईटच. मातीतले जीव जळतात, शेजाऱ्याचे उभे पीक जळते, धूर लेकराबाळांच्या छातीत जातो. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु जेथे ठिपक्यावरून एखाद्याच्या वर्षभराच्या धान्याचा भाव ठरणार, तेथे पटवाऱ्याने बांधावर जाऊन, कोणत्या गटाचे रान काळे आहे, हे पाहिल्यावाचून नाव लिहू नये. पंचनामा हा जुना शब्द अजून निरुपयोगी झालेला नाही.

ठिपका निरपराधाला गोवू शकतो, तसा अपराध्याला सोडूही शकतो. बारीक नजरेचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. अमेरिकेच्या नासा संस्थेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये एक विसंगती लोकांपुढे मांडली. पंजाब-हरियाणातील आगींचे ठिपके झपाट्याने घटलेले दिसत होते. पण हवेतील धुराचे प्रमाण मात्र तेवढे उतरलेले दिसेना. आग कमी झाली असेल तर धूर कोठून येतो? त्यांनी दक्षिण कोरियाच्या स्थिर उपग्रहाची चित्रे पाहिली, तेव्हा उपग्रहांची फेरी होऊन गेल्यावर, उन्हे कलताना, शेतांवर धुराचे नवे लोट उठताना दिसले. पुढे भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासातही जाळण्याची वेळ काही वर्षांत दुपारकडून सायंकाळकडे सरकल्याचे आढळले. हे सारे मुद्दाम केले गेले की सोयीने घडले, याचा निवाडा चित्रावरून होत नाही. पण आगीचा पुरावा हरवला असता धुराने साक्ष दिली, हे पाहून न्यायशास्त्राचा तो जुना पंडित नक्कीच सुखावला असता.

धुराच्या साक्षीलाही एक मर्यादा आहे आणि ती दमेकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची. उपग्रह वरून खाली पाहतो. त्याला जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा धूर एकत्र दिसतो. तीन किलोमीटर उंचीवरून जाणारा दूरचा धूर चित्रात भयंकर दिसेल, पण गावातल्या कोणाला त्याचा वासही येणार नाही. उलट थंडीच्या रात्री खोऱ्यातली गार हवा खाली बसते, वरून उबदार हवेचे झाकण पडते, आणि गावाशेजारच्या चार शेतांचा, कचऱ्याच्या ढिगाचा, ओल्या लाकडांच्या चुलींचा धूर अंगणातच कोंडून राहतो. त्या धुराचे चित्र आकाशातून नीट निघत नाही. अशा वेळी जमिनीवर हवा मोजणारे यंत्र असेल तरच आकडा मिळतो. आणि अशी यंत्रे अजून शहरांतच आहेत. खेड्यात सकाळी किती जण खोकतात, हाच काय तो आकडा.

मोहाखाली पहाटे पेटवलेला पाच-सात हातांचा वर्तुळाकार जाळही असाच निसटतो. फेरीवरचा उपग्रह येईपर्यंत तो विझलेला असतो. तो विझला नाही आणि वाऱ्याने उतारावर पसरला, तरच दुपारी त्याचा ठिपका होतो. मग वनरक्षक अक्षांश-रेखांश पाहत डोंगर चढतो. जागेवर काळे पडलेले रान सापडते. कोणी माणूस सापडत नाही. आग आढळली की नाही, किती क्षेत्र जळले, कारण काय, एवढे त्याने परत कळवावे अशी अपेक्षा असते. पहिल्या दोन प्रश्नांना पायाखालची राख उत्तर देते. तिसऱ्यासाठी पाड्यावर जावे लागते, आणि तेथे गणवेशातल्या माणसाला सहसा कोणी काही सांगत नाही. कारण १९२७ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे आणि मोहाची दोन पाट्या फुले हा त्या घरचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च आहे.

अलीकडे मध्य प्रदेशातील काही जंगलांत मोहाच्या झाडाखाली जमिनीपासून थोड्या उंचीवर जाळी बांधून फुले गोळा करण्याची पद्धत सुरू झाली आहे. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहते, त्याला भाव अधिक येतो आणि खालचा पाला पेटवावा लागत नाही. ज्या झाडाखाली अशी जाळी बांधली आहे, त्याचा ठिपका देहरादूनच्या नकाशावर उमटण्याचा संभव नाही.